जावयाला फुल, सासूला शून्य

पहिला दिवस : पुणे ते छत्रपती संभाजीनगर

शिवाजीनगरचा एसटी स्टँड वाकडेवाडीला हलून वर्षं लोटली, तरी आई रिक्षात बसताना 'शिवाजीनगर स्टँड' असंच सांगते. रिक्षावालेही आता मुकाट वाकडेवाडीला आणून सोडतात. आम्ही चौघं होतो : मी, नवरा, दहा वर्षांचे चिरंजीव आणि सत्त्याहत्तर वर्षांची माझी आई. वेरूळ-अजिंठा एकदा नातवासोबत बघायचं, असं तिच्या मनात फार दिवस होतं. गाडीने जाऊ या, असं नवरा म्हणत होता. आई म्हणाली, "एसटी असताना गाडी कशाला? पंचाहत्तरी झाली तेव्हा तुम्ही साडी दिलीत, सरकारनं एसटी दिली."

गाडी हलली आणि कंडक्टर आमच्या बाकाशी आले.

"संभाजीनगर, चार," नवरा म्हणाला.

"चार कसले? फुल किती, हाफ किती ते सांगा."

मग ते स्वतःच एकेकाकडे बघून ठरवायला लागले. मी हाफ. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. चिरंजीव हाफ, कारण पाच ते बारा. आईने पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड काढून ठेवलंच होतं. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. राहिला नवरा.

"म्हणजे फुल मी एकटाच?"

"जावईबापू, मान आहे तो," आई म्हणाली. मागच्या बाकावरचा माणूस खो खो हसला. गंमत म्हणजे त्याच्या कांद्याच्या पोत्याचंही लगेज तिकीट फाडलं गेलं होतं आणि शेजारी बसलेली त्याची बायको हाफमध्ये होती.

मशीनमधून सर्रकन चार चिठ्ठ्या निघाल्या. आईच्या चिठ्ठीवर रकमेच्या जागी शून्य. तिला ते काही पटेना. पैसे घेतले नाहीत तर कागद कशाला वाया घालवायचा? कंडक्टरांनी सांगितलं, की आजींच्या फेरीचे पैसे सरकार महामंडळाला देतं आणि ते मागायचे तर आजी गाडीत बसल्या होत्या याचा पुरावा लागतो. आईने मग ते शून्य दोनदा वाचलं आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिलं.

शिरूरपर्यंत आई जुन्या कंडक्टरांबद्दल बोलत होती. रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या लावलेली ती पेटी, भाड्याचा हिशेब जुळेपर्यंत दोन-तीन वेगवेगळ्या किमतींची तिकिटं फाडून एकत्र देणं, आणि तो चिमटा. तिकीट नसेल काढलं तर कंडक्टर चिमटा दांडीवर टकटकवत यायचे आणि झोपलेला माणूसही खिशात हात घालायचा. माझे वडील तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचायचे. प्रवास संपला की त्याची बारीक सुरळी करून कान कोरायचे. आई यावर अजून चिडते. ते जाऊन किती वर्षं झाली, पण चीड ताजी आहे. आताच्या मशीनच्या कागदाची धड सुरळीसुद्धा होत नाही, आणि चार महिने पुस्तकात ठेवलं तर अक्षरं उडून कोरा कपटा उरतो.

सुट्ट्या पैशांचा खेळही संपत आलाय. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून द्यायचे आणि उतरताना घ्या म्हणायचे. त्या तिकिटाची हुंडी व्हायची. लोक पूर्ण प्रवास त्या दहा-वीस रुपयांवर लक्ष ठेवून जागे राहायचे, आणि नेमके उतरायच्या घाईत विसरायचे. आज पुढच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलाने मशीनवरचा क्यूआर स्कॅन केला, पैसे गेले, विषय संपला.

हा रस्ता साधा नाही, हे मला नगर जवळ आल्यावर आठवलं. १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली ती पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. त्या गाडीचे वाहक होते लक्ष्मण केवटे. चिरंजीवांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी हाफ तिकीट कुणी काढलं?" याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

वाटेतल्या एका स्टँडवर गाडी थांबली. महिलांच्या मुतारीवर 'मोफत' असं ठळक रंगवलेलं, आणि त्याच अक्षरांखाली टेबल टाकून बसलेली बाई पाच रुपये मागत होती. मी म्हटलं, देते, पण पावती फाडा. बाई दुसरीकडे बघायला लागली. माझ्यामागच्या दोघीतिघीही तशाच आत गेल्या. हा उपाय बायकांनी जरूर करून बघावा, बहुतेक ठिकाणी चालतो.

नगर सोडल्यावर एका फाट्यावर चेकिंगवाले चढले. अख्खी गाडी एकदम खिसे चापपायला लागली. पर्स, वरचे खिसे, मोबाईलची कव्हरं, पोथीची पानं, एकाने तर टोपी काढून बघितली. आमची तिघांची तिकिटं नवऱ्याकडे होती, ती निघाली. आईचं शून्य चष्म्याच्या घरात नव्हतं.

"मी तर फुकट आहे, मला कसलं तिकीट," आई म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता.

"आजी, फुकटचंच तर जास्त जपायचं," चेकर म्हणाले. "तुमचं नाही सापडलं तर यांना उत्तर द्यावं लागतं." त्यांनी कंडक्टरकडे मान हलवली. कंडक्टरांचा चेहरा बघून आई खरोखर घाबरली. तिच्यापायी दुसऱ्याच्या नोकरीवर गदा म्हणजे काय! सगळं उलथंपालथं केल्यावर तिकीट सापडलं चिरंजीवांकडे. त्यांनी त्याची होडी केली होती. चेकरनी होडी उलगडली, शून्य वाचलं, परत जशीच्या तशी घडी घालायचा प्रयत्न केला, जमली नाही, आणि हसून पुढे गेले.

संध्याकाळी बीबी का मकबरा. तिकीट २५ रुपये. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, मुलगा आझम शाह याने सतराव्या शतकात बांधून घेतलेली. लोक 'छोटा ताज' म्हणून येतात आणि मोठ्या ताजशी तुलना करत परत जातात, त्यामुळे बिचाऱ्या इमारतीकडे धड बघणं होत नाही. उन्हं कलताना दारावरचं पितळी नक्षीकाम बघा, एवढंच सांगते. परतताना नवऱ्याने स्टँडजवळच्या टपरीवरून राज्य लॉटरीचं एक तिकीट घेतलं. १९६९ पासून चालत आलेली ही लॉटरी आमच्या घरात कुणालाही कधी लागलेली नाही. "एवढं फुल भरतोय, एखाद्या तिकिटानं तरी परत द्यावं," असं त्याचं म्हणणं.

दुसरा दिवस : दौलताबाद आणि वेरूळ

सकाळी काळीपिवळीने निघालो. तिच्यात तिकीट हा प्रकारच नाही. ड्रायव्हरच्या डोक्यात सगळं असतं : कोण कुठून चढलं, कुणाचे पैसे आले, कुणाची नोट मोडायची राहिली. सहाजणांच्या जागेत दहाजण आणि वर दोघं मागच्या दांड्याला, तरी एकाचाही हिशेब चुकला नाही.

दौलताबादला किल्ल्याचं तिकीट २५ रुपये, आणि खिडकीवर नवाच प्रकार. पंधरा वर्षांखालच्यांना पुरातत्त्व खात्याच्या सगळ्या स्मारकांत प्रवेश मोफत आहे. चिरंजीव एका रात्रीत हाफचे शून्य झाले आणि त्यांची मान ताठ झाली. आईने मात्र सवयीने आधार पुढे केलं.

"तिकीट लागेल आजी."

"सत्त्याहत्तर आहे मी."

"इथं ज्येष्ठांना सवलत नाही. आठशे वर्षांच्या खाली इथं सगळे तरुणच."

आई मनापासून हसली, पण पैसे देताना तिचा हात थोडा अडखळला. बरं, तिकीट काढून ती चढली किती? चांद मिनारापर्यंत. तिथल्या झाडाखाली बसून तिने दोन तास येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे बघितले. आम्ही अंधारीतून वर गेलो. ज्या भुयारात शत्रूला चकवून मारायचं, त्यात आता शाळेची पोरं एकमेकांना 'भूऽऽ' करत होती. एका वळणावर वटवाघळांचा वास इतका उग्र आला की मुलांचा गोंगाटही थांबला. बारादरीपर्यंत पायऱ्या चढून आल्यावर नवरा म्हणाला, तिकिटात पाणी तरी द्यायला हवं होतं.

वेरूळचा फलक मात्र निवांत वाचण्यासारखा आहे. भारतीयांना ४० रुपये, परदेशी पाहुण्यांना ६००. पण सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्यांना भारतीयांचाच दर. म्हणजे नेपाळ, श्रीलंका, भूतान, थायलंड यांच्याकडून ४० आणि जपानकडून ६००. बुद्धाच्या लेण्यांपुढे बौद्ध देशांची अशी वर्गवारी बघून मजा वाटली. आमच्या पुढे एक गोरं जोडपं होतं. त्यांनी १२०० रुपये भरले, त्यांच्या लहान मुलीचं काहीच नाही. ती आणि आमचे चिरंजीव, दोघं फुकटे, फिरत्या दांड्याच्या फाटकातून आलटून-पालटून आत-बाहेर करायला लागले, तेव्हा शिपायाने दोघांनाही एकाच भाषेत दटावलं. दोघांनाही नीट कळलं. आणि हो, मंगळवारी वेरूळ बंद असतं, सोमवारी अजिंठा. हे न बघता आलेली मंडळी फाटकाशी उभी राहून वाद घालताना मी पूर्वी पाहिली आहेत.

कैलास लेण्याबद्दल मी नवीन काय लिहिणार? राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं हे देऊळ. प्रत्येकाने एकदा तरी खाली अंगणात उभं राहून मान वर करावी. मला दरवेळी कैलास उचलणारा रावण धरून ठेवतो. वर शिव-पार्वती आरामात बसलेत, पार्वती थोडी दचकून शिवाला बिलगलीय, एक दासी घाबरून पळतेय, आणि खाली सगळे हात ताणून बसलेला रावण. आईने त्याच्याकडे बराच वेळ बघून म्हटलं, "हा फुल तिकीटवाला." तेव्हापासून घरात नवऱ्याला नवीन नाव मिळालं आहे.

जैन लेणी, म्हणजे ३० ते ३४, बरीच लांब आहेत. तिकडे जायला आतल्या बसचं वेगळं तिकीट. आईसाठी ते काढलं आणि बत्तीस नंबरच्या इंद्रसभेत तासभर घालवला. बहुतेक लोक सोळा नंबर, म्हणजे कैलास, बघून परततात, त्यामुळे तिथे शांतता होती.

घृष्णेश्वराला तिकीट नाही. पुरुषांनी शर्ट काढून गाभाऱ्यात जायचं, रांग मुकाट्याने पुढे सरकायची. शिर्डीला, तुळजापूरला सशुल्क दर्शनाचे पास निघाले तेव्हा मी तावातावाने बोलत असे, की देवाच्या दारात दोन रांगा कसल्या. अजूनही मला ते पटत नाही. पण आईचे गुडघे रांगेत उभे असले की माझं तत्त्व थोडं लुळं पडतं. इथे पासचा प्रश्नच आला नाही. आई चाळीस मिनिटं उभी राहिली आणि बाहेर येऊन बेलफुलवालीच्या ओट्यावर बसली.

तिसरा दिवस : अजिंठा, जळगाव

फुलंब्री, सिल्लोड, मग घाट उतरून फर्दापूरच्या अलीकडे टी-पॉइंट. एसटीत पुन्हा जुनी वर्गवारी आली : नवरा फुल, मी आणि चिरंजीव हाफ, आई शून्य. चिरंजीवांना शून्यावरून परत हाफवर येणं आवडलं नाही.

अजिंठ्याला स्वतःची गाडी लेण्यांपर्यंत नेता येत नाही. टी-पॉइंटपासून साधारण चार किलोमीटर बसने जायचं. धुरापासून चित्रं जपायची तर हे हवंच. पण लेण्याच्या दारात पोचेपर्यंत एवढ्या पावत्या जमतात, की कुठली कुठे दाखवायची कळत नाही. सुविधा शुल्काची एक, बसची एक, मग पुरातत्त्व खात्याचं ४० रुपयांचं तिकीट. गाडीने आलेल्यांना पार्किंगची आणखी एक. एका काकांनी फाटकावर सगळ्या पावत्या पत्त्यांसारख्या पिसून समोर धरल्या आणि म्हणाले, "यातली तुमची ओढा."

आई वर चालू शकणार नव्हती. डोलीवाले खालीच उभे असतात. खुर्चीला दांडे बांधलेले, चौघं उचलतात. आईने आधी ठाम नकार दिला. माणसांच्या खांद्यावर बसायचं म्हणजे शेवटच्या प्रवासाची तालीमच, असं ती म्हणाली. डोलीवाल्यांतला वयस्कर होता तो म्हणाला, "माय, त्याला तिकीट लागत न्हाई. आमाला लागतं." मग मात्र आई बसली. दर ठरला तो मी लिहीत नाही, पण उतरताना आईने चौघांच्या हातात वेगळे पैसे दिले आणि चौघांची गावंही विचारून घेतली.

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी अंधारातून हळूहळू वर येतो. डोळे सरावेपर्यंत भिंत नुसती तपकिरी दिसते, मग भुवई, मग खाली झुकलेली पापणी, मग निळं कमळ. गर्दीला आत थोडाच वेळ थांबू देतात आणि डोळ्यांना तेवढाच वेळ लागतो, ही पंचाईत आहे. त्यामुळे एकदा बाहेर येऊन पुन्हा रांगेत लागलो. दहा नंबरच्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव आणि एप्रिल १८१९ ची तारीख कोरून ठेवली आहे. शिकारीच्या नादात त्याला ही लेणी दिसली, असं सांगतात. मुलाने विचारलं, त्याला दंड झाला का? आज कुणी असं नाव कोरलं तर गुन्हा दाखल होतो. हा विनातिकीट आला, खांब खराब करून गेला आणि इतिहासात जाऊन बसला.

दुपारी जळगावची एसटी धरली. परतीचा प्रवास रात्रीच्या रेल्वेने होता. स्टेशनवर मामा आले होते, आईचे धाकटे भाऊ. रेल्वेत बुकिंग क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. हातात भरीत-पुरीचा डबा आणि शर्टाच्या खिशात प्लॅटफॉर्म तिकीट.

"अरे, रेल्वेत जन्म गेला तुझा, तुला कोण अडवणार होतं? दहा रुपये कशाला घातलेस?"

"जन्म गेला म्हणूनच काढतो, ताई. आणि हे दोन तासांचं असतं, तेव्हा पटापट बोल."

मामा बोलायला लागले की तिकिटांवरच येतात. एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरने काढलेली ती छोटी पुठ्ठ्याची तिकिटं त्यांनी आयुष्यभर विकली. कपाटात गावांप्रमाणे खाने, खालून एक ओढायचं, तारखेच्या यंत्रात खट्ट करून दाबायचं आणि खिडकीतून सरकवायचं. लहान मुलाचं हाफ असेल तर त्याच पुठ्ठ्याचा कोपरा कात्रीने कापायचा आणि तो तुकडा हिशेबाला जपून ठेवायचा. "दिवसअखेर ते कोपरे मोजायचे. एक कमी भरला की फरक आपल्या पगारातून." मामांनी बोटांनी दाखवलं, केवढा असायचा तो कोपरा. नखाएवढा.

चिरंजीवांनी लगेच विचारलं, "मग माझा कोपरा कुठाय?"

नाही. रेल्वेत बारा वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. हाफ मिळतं ते बर्थ न मागितला तरच. बायकांना निम्मं वगैरे इथे नाहीच. आणि ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. त्याआधी बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निम्मं भाडं असायचं. आई तेव्हा मुंबईला उठसूट जायची. तिला खालचा बर्थ मिळाला, तेवढाच वयाचा मान.

नवऱ्याच्या डोक्यात हे आत्ता प्रकाशलं. तो फलाटावरच बोटं मोजायला लागला. "माणसं तीच चौघं. एसटीत दोन तिकिटांचे पैसे, लेण्यात तीन, रेल्वेत चार. शेवटी सगळे फुल झालात!" त्याचा आनंद गाडी येईपर्यंत टिकला. गाडीत चढल्यावर कळलं, की आमचे तिघांचे बर्थ पक्के आहेत आणि त्याचं एकट्याचं आरएसी. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी बसून जायचं, पैसे मात्र पूर्ण. फुल तिकिटात हाफ बर्थ. आई पांघरुणात तोंड घालून हसत होती.

त्याच्या वाट्याला आलेला जोडीदार तिशीतला, पांढऱ्या कडक शर्टातला कार्यकर्ता निघाला. तालुक्याच्या गावच्या नगरपालिकेची निवडणूक जाहीर झाली होती. वॉर्ड महिलांना सुटलेला, त्यामुळे भाऊंचं तिकीट गेलं आणि वहिनींसाठी प्रयत्न चालू होते. साहेब पुण्यात, म्हणून हा पुण्याला. फोन दर दहा मिनिटांनी. "पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म हातात पडेपर्यंत काही खरं नाही दादा," तो नवऱ्याला सांगत होता. "यादीत नाव दोनदा आलं, दोनदा गेलं. आमचंबी आरएसीच."

"पण आरएसीवाला चढतो तरी गाडीत."

"हां, ते खरं. आमच्यात चढवून मधल्या स्टेशनावर उतरवतात."

टीसी आले, टॅबवर नावं टिपली आणि एकाचं ओळखपत्र मागितलं. दौलताबादला नाकारलेलं आधार कार्ड आईने क्षणात पुढे केलं.

चौथा दिवस : पुणे

दौंडच्या आसपास पहाटे मला जाग आली तेव्हा दोघं समोरासमोर पाय दुमडून बसले होते आणि मध्ये मामांच्या डब्यातलं उरलेलं भरीत होतं. कार्यकर्त्याला अडीचला फोन आला होता. तिकीट तिसऱ्याच बाईला गेलं, भाऊंच्या विरोधकाच्या सुनेला. कालपर्यंत ती दुसऱ्या पक्षात होती. साहेबांना भेटण्यात आता अर्थ नव्हता. नवरा त्याला मोबाईलवर परतीची गाडी शोधून देत होता.

"संध्याकाळची आहे. वेटिंग दाखवतंय, काढू?"

"नको नको," तो पुरी मोडत म्हणाला. "वेटिंगवर दोन वर्षं होतो. एसटीत उभ्यानं जातो."